सात नंबरचे पास

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर पास लिहायला जागा नसते. बास्केट कोणी टाकली त्याचा नंबर लिहायचा, फाऊल कोणी केला ते लिहायचं, टाइमआऊट कोणी मागितला तेही लिहायचं. पण जिने तिघींच्या गराड्यातून बॉल काढून नेमका चौथीच्या हातात ठेवला, जिच्यामुळे ती बास्केट झाली, तिच्यासाठी त्या एवढ्या मोठ्या कागदावर एक चौकोनसुद्धा नाही. मी वीस वर्षं टेबलावर बसून ही शीट भरली. अक्षर बरं, डोकं शांत आणि कोणाशी भांडण नाही, एवढ्या भांडवलावर ग्वाल्हेरात माणूस स्कोअरर होतो आणि मग हात थरथरायला लागेपर्यंत स्कोअररच राहतो.

त्याआधी मी खेळायचो. पॉइंट गार्ड. म्हणजे संघातला सगळ्यात बुटका, बॉल पुढे घेऊन येणारा, कोणी कुठे पळायचं ते बोटांनी सांगणारा. आमच्या कोचचं एकच वाक्य होतं, "गार्ड का काम है बॉल बांटना, बाकी भगवान की मर्जी." मी इमानेइतबारे बॉल वाटला. युनिव्हर्सिटीच्या संघापर्यंत पोचलो, तिथे वाटणारेही माझ्यापेक्षा उंच निघाले, आणि मी सिटी सेंटरच्या एका विमा ऑफिसात चिकटलो. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. वाटलं होतं. पण आमच्या घरात स्वतःबद्दल बोलायची पद्धत नाही.

ही पद्धत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. आमचे एक पूर्वज दक्षिणेतून इकडे आले आणि दरबारच्या कचेरीत बऱ्याच वरच्या जागेवर चढले. त्यांची एक गोष्ट आमच्याकडे मुंजीत सांगतात, साखरपुड्यात सांगतात, श्राद्धाच्या पंगतीतही सांगतात. त्यांच्या धाकट्या मुलाचा अर्ज त्यांच्याच कचेरीत आला होता. नेमणूक यांच्या हातात. नाव वाचलं गेलं तसे हे बैठकीवरून उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आपल्या माणसासाठी शब्द टाकायचा नाही. जागा दुसऱ्याला गेली आणि मुलगा कुठल्याशा तालुक्याच्या गावी जन्मभर मास्तरकी करत राहिला. गोष्ट इथे संपते, ऐकणारे माना डोलावतात आणि कोणीतरी मठ्ठा वाढायला घेतं. तो व्हरांडा मी इतक्या वेळा ऐकला आहे की मला तो डोळ्यांसमोर दिसतो. मुलगा मात्र दिसत नाही. त्याचं नाव काय होतं, हे मी कधी कोणाला विचारलंही नाही.

माझी मुलगी अकरा वर्षांची होती तेव्हा रविवारी सकाळी माझ्याबरोबर कोर्टावर यायला लागली. एकुलती एक, घरात करमायचं नाही. टेबलाशेजारी बाकावर पाय हलवत बसायची आणि मी काय लिहितो ते वाकून वाकून बघायची. एकदा मुलींची मॅच चालू होती. एका गार्डने पाठीमागून, न बघता बॉल दिला आणि दुसरीने तो सहज बोर्डाला लावून आत टाकला. मी टाकणारीचा नंबर लिहिला.

"बाबा, आणि पास दिला त्या दीदीचं कुठे लिहिलं?"

"ते लिहीत नाहीत."

"का?"

मुलांच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही की बाप खेकसतो, तसा मी खेकसलो असेन. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मुद्दाम नई सडकेवर स्कूटर थांबवली आणि शाळेच्या मुलांची दोनशे पानी वही घेतली. त्यात मी पास लिहायला लागलो. ज्या पासवर बास्केट झाली त्याला एक फुली, इतकंच. शीट असोसिएशनची आणि वही माझी. शीट टेबलावर असायची, वही मांडीवर.

वर्षभरात ती स्वतः खेळायला लागली, आणि वही माझी राहिली नाही, तिची झाली. दुसऱ्या मुलींच्या फुल्या मी हळूहळू मारेनासा झालो. मॅच संपली की ती घामाने भिजलेली यायची, बाटली तोंडाला लावायची आणि पाणी गिळता गिळता विचारायची, "किती?" किती पॉइंट, हे तिने कधी विचारलं नाही. मी फुल्या सांगायचो. सहा, आठ, एकदा तर चौदा. चौदा म्हटल्यावर ती जी हसली होती तसं हसणं मी नंतर तिच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

कोर्टाच्या फाटकाबाहेर एक कचोरीवाला उभा असतो. तिथे आम्हा जुन्या खेळाडूंचं रविवारचं न्यायालय भरायचं, आणि एक खटला कधीच निकाली निघायचा नाही. नव्या गार्डने शूट जास्त करावं की पास जास्त द्यावा? मी पासवाल्यांचा वकील. माझं म्हणणं असं, की नवी गार्ड आल्या आल्या शूट करायला लागली की बाकीच्या चौघी पळणं सोडतात. कशाला पळायचं, बॉल तर येणारच नाही. नव्याने आधी विश्वास कमवावा, मग पॉइंट. ऐकायला फार छान वाटतं हे. रेल्वेतून रिटायर झालेला माझा एक जुना साथीदार एका हातात कचोरीचा दोना धरून दर वेळी तेच उत्तर द्यायचा, "अरे भाई, जो गार्ड शूट नहीं करता, उसको कोई रोकता भी नहीं. सामनेवाली पीछे हटके पास के रास्ते में खड़ी हो जाती है. फिर बांटते रहो." मी हसून उडवून लावायचो. त्याचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळत होतं. वाद जिंकायची सवय लागली की कळून उपयोग नसतो.

आणि तिला शूट येत नव्हता असंही नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. संध्याकाळी कोर्ट रिकामं झालं की ती एकटी उजव्या बाजूने फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाला उभी राहायची आणि टाकत राहायची. मी स्कूटरला टेकून बघायचो. बॉल जाळीतून गेल्याचा आवाज यायचा, परत यायचा, परत यायचा. दहातले सात तरी आत. मॅचमध्ये मात्र त्याच जागेवर, हात मोकळे असताना, ती बॉल कोणालातरी देऊन टाकायची आणि टेबलाकडे चोरून बघायची. मी मांडीवरच्या वहीत फुली मारायचो. ते तिला दिसायचं.

बायको शाळेत गणित शिकवते, तिला खेळातलं फारसं कळत नाही, पण माणसांतलं कळतं. ती एकदा म्हणाली, "तिला टाकू द्या की बॉल. सगळं लोकांना वाटून मोकळी होते, अगदी तुमच्यावर गेली आहे." मला तो कौतुकाचा शब्द वाटला.

सतराव्या वर्षी ती जिल्ह्याच्या मोठ्या मुलींच्या संघात आली. सगळ्यात नवी, सगळ्यात लहान, आणि बॉल तिच्या हातात. मोठ्या मुलींना असली गार्ड म्हणजे सोन्याहून पिवळं. आपण नुसतं पळायचं, बॉल आपोआप हातात येतो, वर पेपरात नाव आपलं. त्या वर्षी आमचा जिल्हा विभागात पहिला आला. बक्षीस समारंभात सगळ्यात जास्त पॉइंटची ट्रॉफी ज्या मुलीला मिळाली, तिचे अर्ध्याहून जास्त बॉल माझ्या मुलीच्या हातातून गेलेले होते. वहीत आहे ते. ती मुलगी ट्रॉफी घेऊन आली आणि हिला मिठी मारून म्हणाली, "थैंक्यू यार." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मग राज्याच्या संघाच्या ट्रायल निघाल्या, अठरा वर्षांखालच्या, आणि त्या ग्वाल्हेरातच होत्या. वयाच्या हिशेबाने तिला हे एकच वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती या गटात बसणार नव्हती आणि मोठ्यांच्या राज्य संघात आमच्यासारख्यांची वर्णी कशी लागते ते मला ठाऊक होतं. तिला काय हवं होतं ते तिने लपवलं नव्हतं. तिला मध्य प्रदेशची, पाठीवर एमपी लिहिलेली जर्सी हवी होती. कपाटाच्या दाराला आतून तिने एक कागद चिकटवला होता, त्यावर जर्सीचं चित्र काढलं होतं, वर एमपी आणि खाली सात. सात तिचा नंबर.

ट्रायलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. तिने मेथीची भाजी पानात नुसती इकडून तिकडे केली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू का? उद्या मी शूट करू, की पासच देऊ? म्हणजे ट्रायल आहे ना, तो सब लोग शूट ही करेंगे."

"म्हणूनच तू पास दे," मी म्हणालो. "बाराजणी शूट करणाऱ्या असतील, त्यांत तेरावी कशाला? खेळ चालवणारी एकच दिसेल. सिलेक्टर आंधळे नसतात."

"आणि नाही दिसलं तर?"

"दिसतं. ज्याला खेळ कळतो त्याला दिसतं."

बायको पोळी वाढता वाढता थांबली. "बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही," ती म्हणाली. "तू दोन्ही कर ग. चांगलं येतं ना तुला टाकता?"

"तू तिला गोंधळात टाकू नकोस," मी म्हणालो. मुलीने मान हलवली. मला वाटलं, पटलं तिला. तिने फक्त ऐकलं होतं.

आणखी एक मूर्खपणा मी आधीच करून बसलो होतो. ट्रायलला स्कोअरर कमी पडत होते, असोसिएशनच्या माणसाने विचारलं, आणि मी हो म्हटलं. मुलगी खेळते आहे हे त्याला माहीत होतं. तो म्हणालासुद्धा, "आप रहने दो, बिटिया है आपकी." मी ताठ होऊन म्हणालो, "फाऊल भी लिखूंगा उसका, चिंता मत करो." तो व्हरांडा माझ्या डोक्यात होताच.

जानेवारीची सकाळ होती. धुकं इतकं की टेबलावरून पलीकडचा बोर्ड दिसत नव्हता. मुली स्वेटरं घालून कोर्टाभोवती पळत होत्या आणि बॉल दगडासारखा कडक झाला होता. साडेदहाला जरा उजाडल्यासारखं झालं तेव्हा छातीवर नंबर लावून मुली संघांत वाटल्या गेल्या. हिने सातच मागून घेतला. राज्यभरातल्या मुली, एकमेकींना न ओळखणाऱ्या, एकेका संघात कोंबलेल्या. दोन कोर्टांवर एकाच वेळी मॅचेस. सिलेक्टर तिघे, सगळे बाहेरगावचे. ते कधी या कोर्टावर, कधी त्या कोर्टावर, मफलरी आवळून फिरत होते. नावं त्यांना माहीत नव्हती. त्यांच्यासाठी सगळ्या नंबर होत्या.

ट्रायलमध्ये पासला काही किंमत नसते हे मला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं, आणि इतकी वर्षं खेळाजवळ राहून आधी दिसलं नव्हतं. तिने बॉल द्यायचा, तो जिला मिळायचा ती मान खाली घालून एकटीच आत घुसायची आणि अंगावर आलेल्या तिघींवर आदळायची. परत बॉल येण्याचा प्रश्नच नव्हता. कोणी पळत नव्हतं. रेल्वेतल्या माझ्या मित्राचं म्हणणंही खरं झालं. तिला अडवणाऱ्या उंच मुलीने दहा मिनिटांत ओळखलं की ही टाकत नाही. ती मागे सरकली आणि पासच्या वाटेत हात पसरून उभी राहिली. तरीसुद्धा माझ्या मुलीने वाटा शोधल्या. जमिनीला लागून, डोक्यावरून, एकदा तर बसल्या बसल्या. त्या मॅचमध्ये अकरा बास्केट तिच्या पासवर झाल्या. अकरा फुल्या आहेत वहीत. शीटवर सात नंबरपुढे चार पॉइंट होते.

तिसरा क्वार्टर संपत आला होता तेव्हा ती तिच्या जागेवर आली. उजवी बाजू, फ्री थ्रोच्या रेषेचं टोक. समोरची मुलगी दोन पावलं मागे होती. तिन्ही सिलेक्टर त्या क्षणी आमच्या कोर्टाजवळ उभे होते. बॉल तिच्या हातात होता आणि तिने माझ्याकडे पाहिलं. चोरून नाही, सरळ. टाकू का, एवढंच तिला विचारायचं होतं. मला वाटलं, टाक. खरंच वाटलं. पण टेबलावरच्या माणसाने खेळाडूला खूण करायची नसते, आणि मी त्या दिवशी बाप नव्हतो, असं मीच ठरवलं होतं. मी मान खाली घातली आणि शीटकडे बघायला लागलो. वर पाहिलं तेव्हा बॉल डाव्या कोपऱ्यातल्या मुलीच्या हातातून निसटून बाहेर गेला होता.

जेवणाच्या सुट्टीत सिलेक्टर टेबलावर आले आणि शीट पसरून उभे राहिले. एकाने पुऱ्यांचा डबा शीटच्या कोपऱ्यावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. दुसरा नंबरांवरून बोट फिरवत होता. सातवर येऊन त्याचं बोट थांबलं.

"ये सात नंबर गार्ड है ना? चार ही पॉइंट? हाथ तो अच्छा लग रहा था." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "आप तो पूरे टाइम टेबल पे थे. कैसी है ये लड़की?"

त्याला माहीत नव्हतं. तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी नुसतं एवढं म्हणायचं होतं की अच्छी है. किंवा तेही नाही, नुसती मांडीवरची वही उघडून त्याच्यासमोर धरायची होती. त्यात शब्द टाकण्यासारखं काही नव्हतं, खेळात जे झालं तेच होतं. असोसिएशनचा माणूस माझ्या मागेच उभा होता. माझा हात वहीवर होता. मला आठवतं, पुठ्ठा गार पडला होता.

"सर, शीट में जो है सो है," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि बोट पुढच्या नंबरावर सरकलं.

खरं सांगतो, त्यानंतर तासभर मला अभिमान वाटत होता. छाती फुगल्यासारखी झाली होती. चार वाजता यादी वाचली. सात नंबर आला नाही. ज्या मुलींना हिने बॉल दिले होते त्यांतल्या दोघी होत्या. हिने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांबरोबर.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली होती. किला गेटला एक ट्रक आडवा होता म्हणून थांबलो, तेव्हा मागून तिचा आवाज आला, "बाबा, तुम्ही खाली बघितलं ना, मला वाटलं तुम्ही मना करून राहिले."

"मी काहीच करत नव्हतो," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली.

घरी बायकोने गरम खिचडी वाढली. तेव्हा मी गप्प बसायचं होतं. पण माझ्या पोटात ती गोष्ट राहीना. मला ती सांगायची होती, जशी आमच्या पंगतीत सांगतात तशी. तिलाही बरं वाटेल, असं मला वाटलं. आपला बाप सरळ आहे, हे कळलं तर मुलीला बरंच वाटेल ना. म्हणून मी सांगितली. सिलेक्टरने कसं विचारलं, त्याला कसं माहीत नव्हतं, आणि मी कसं म्हणालो की शीटमध्ये आहे ते आहे. एक शब्द टाकला नाही. सांगून झाल्यावर मी दोघींकडे पाहिलं.

बायकोच्या हातात तुपाची वाटी होती. ती तिने खाली ठेवली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. चिडलेली नव्हती. अकरा वर्षांची असताना बाकावर बसून शीटकडे बघायची, तशी बघत होती.

"मग वही कोणासाठी होती, बाबा?" तिने विचारलं.

तेव्हाही मला उत्तर आलं नाही. या वेळी मी खेकसलो नाही, इतकाच फरक.

तिने खेळ सोडला असं कधी म्हटलं नाही. परीक्षा आल्या, मग क्लास, मग थंडी फार, मग ऊन फार. जिल्ह्याच्या कोचचा दोनदा फोन आला. बॉल गॅलरीत पाण्याच्या टाकीमागे पडून होता, उन्हाळ्यात त्यातली हवा गेली. कपाटाच्या दारावरचा कागद तिने कधी काढला ते कळलं नाही. चिकटपट्टीचे चार डाग अजून आहेत. मी एकदा वही तिच्यासमोर ठेवली, अकरा फुल्यांचं पान उघडून. वेड्यासारखं मला वाटलं होतं की ते बघून ती उठेल. तिने पान वाचलं, वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "सांभाळून ठेवा," म्हणाली.

मी टेबलावर दोन वर्षं आणखी बसलो. फुल्या मारल्या नाहीत. रविवारच्या त्या न्यायालयातही गेलो, पण खटला निघाला की मी कचोरी खात राहायचो. एकदा कोणीतरी मला डिवचलं, "क्यों वकील साहब, नया गार्ड शूट करे कि पास?" रेल्वेवाल्या मित्राने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. त्याने तसं केलं हे मला जास्त लागलं. आता माझा हात थोडा हलतो, शीटवर रेघ वाकडी जाते, म्हणून तेही सुटलं.

मुलगी पुण्यात आहे, तिसरं वर्ष. कॉम्प्युटरच्या एका कंपनीत. तिथल्या मराठीपुढे तिचं मराठी हिंदीसारखं वाटतं म्हणून लोक हसतात, असं ती हसत सांगते. रविवारी दुपारी फोन करते. आईशी तासभर, माझ्याशी पाच मिनिटं. गुडघा कसा आहे, गोळ्या घेता ना, गरमी किती. मागच्या रविवारी बायको देवळात गेली होती, म्हणून पाच मिनिटांची पंधरा झाली.

तिच्या ऑफिसात काहीतरी मोठं काम चालू होतं. चार महिने ती त्याच्या मागे होती, रात्री जेवण विसरायची, हे आईकडून मला कळत होतं. ते काम त्याच आठवड्यात पुरं झालं. वरचा साहेब बाहेरून आला होता, मीटिंगमध्ये सगळ्यांना बसवलं आणि त्याला ते फारच आवडलं. तिच्या टीममधल्या एका मुलाने ते दाखवलं. बोलायला चांगला आहे तो, म्हणून तिनेच त्याला दाखवायला सांगितलं होतं. त्या मुलाला आता बढती मिळणार, वेगळी टीम मिळणार.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी आहे ना. मी इथेच."

"पण काम कोणी केलं ते कोणी विचारलं नाही?"

"विचारलं ना, बाबा. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, किसने बनाया ये? मेरी तरफ ही देख रहे थे." ती थांबली. "मी खाली बघितलं."

मी फोन कानावरून काढून मांडीवर ठेवला. आमच्या गल्लीत भंगारवाला ओरडत होता, तो गेल्यावर मी फोन परत कानाला लावला. तिला वाटलं असावं लाइन गेली.

"बाबा? आहात ना? छोड़ो ना, इतकं काही नाही," ती हसून म्हणाली. "तुमची वही आहे ना अजून? त्यात एक फुली मारून ठेवा माझ्या नावाची."

तिने टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर मी झेलला असता. ती खरोखर मला बरं वाटावं म्हणून बोलत होती. वही समोरच्याच कपाटात होती. मी उठून ती काढली, त्या दिवसाचं पान उघडलं. अकरा फुल्या. पेन्सिलीच्या आहेत, थोड्या पुसट झाल्या आहेत, पण मोजता येतात.

"ऐक," मी म्हणालो. "त्या दिवशी ट्रायलला सात नंबर सगळ्यात चांगली खेळत होती. दोन्ही कोर्टांवर तिच्यासारखी एकही गार्ड नव्हती. आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिने तो बॉल टाकायला हवा होता, आत गेला असता." सात वर्षांत मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोललो.



"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "ते मला नाही, त्यांना सांगायचं होतं."

मग तिने गुडघ्याची गोळी घेतली का ते विचारलं, आई आली की फोन करायला सांगा म्हणाली, आणि फोन ठेवला.